वॉर्सा खरंच कॅनालेट्टोच्या चित्रांवरून उभं राहिलं?

दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये बेचिराख झालेलं वॉर्सा, म्हणजे पोलंडची राजधानी, कॅनालेट्टोच्या चित्रांवरून हुबेहूब उभारलं, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. पण व्हेनिसच्या प्रसिद्ध कॅनालेट्टोने (१६९७–१७६८) वॉर्सा रंगवलंच नाही. ती चित्रं त्याच्या भाच्याची, बेर्नार्दो बेलोत्तोची. पोलंडच्या राजाचा हा दरबारी चित्रकार १७८० साली तिथेच वारला. मामाचं नाव तो सहीत लावायचा, घोळ तिथूनच झाला.

चित्रांचा उपयोग झाला, विशेषतः राजरस्त्यावरच्या इमारतींच्या दर्शनी भागांसाठी. मात्र बेलोत्तो प्रमाणं आणि नक्षी मनाने बदलायचा. जुन्या शहराची खरी भिस्त होती वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी युद्धाआधी इमारती मोजून काढलेल्या आराखड्यांवर. नाझींपासून ते लपवून वाचवणाऱ्यांचं श्रेय असं परस्पर चित्रकाराला देणं मला अन्यायाचं वाटतं.