दादाचा मारिओ एवढा का पळतोय?

गेल्या दिवाळीत दादा घरी आला तेव्हा मी लॅपटॉप टीव्हीला जोडून त्याला मारिओ लावून दिला. आमच्याकडे नव्वदच्या दशकात जो टीव्हीला जोडायचा 'व्हिडिओ गेम' होता, पिवळी कॅसेट खुपसायचा, त्यावरचा हाच गेम. तेव्हा दादा डोळे मिटून पहिली लेव्हल पार करायचा. आता पहिल्याच खड्ड्यात पडला. मग पुन्हा पडला.

"अगं, हा जास्त पळतोय."

वय झालंय तुझं, असं मी म्हटलंसुद्धा. पण तो ऐकेना. "गाणंपण घाईत आहे. तू ऐक ना."

मी ऐकलं. तो बरोबर होता.

झालं असं की मारिओ मुळात जपान-अमेरिकेच्या टीव्हीसाठी लिहिलेला. तिथला टीव्ही सेकंदाला साधारण ६० चित्रं दाखवायचा. आपला टीव्ही पाल पद्धतीचा, सेकंदाला ५० चित्रांचा. आणि त्या काळच्या गेमला घड्याळ असं वेगळं नव्हतंच. टीव्हीचं चित्र बदललं की गेम एक पाऊल पुढे टाकायचा. चित्र ६० वेळा बदललं तर ६० पावलं, ५० वेळा बदललं तर ५०. म्हणजे आमच्या घरातला मारिओ जपानी मुलांच्या मारिओपेक्षा एक षष्ठांशाने संथ होता आणि आम्हाला पत्ताच नव्हता. युरोपात मारिओच्या मूळ कंपनीने, निन्टेंडोने, विकलेल्या अधिकृत आवृत्तीत हा वेग दुरुस्त करून दिला होता. आपल्याकडच्या कॅसेटी नकली, त्यात कोण कशाला दुरुस्ती करतंय!

हे तपासायला सोपं आहे. पहिल्या लेव्हलला वर ४०० पासून उलटे आकडे सुरू होतात. त्यातला प्रत्येक आकडा २४ चित्रं टिकतो. मारिओला जागेवर उभं करून ठेवायचं आणि मोबाइलचं स्टॉपवॉच लावायचं. ४०० गुणिले २४ म्हणजे ९,६०० चित्रं. ६० च्या वेगाने त्याला १६० सेकंद लागतात, ५० च्या वेगाने १९२. आमच्या टीव्हीवर १६० आले. दादाचं म्हणणं सिद्ध.

मग मी एम्युलेटरच्या, म्हणजे लॅपटॉपवर हा जुना गेम चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, सेटिंगमध्ये 'रिजन' शोधलं आणि 'पाल' केलं. वेग उतरला, पण दादाने तोंड वाकडं केलं. "आता रडतोय." हेही खरं होतं, कारण गाण्याची नुसती लय नाही, पट्टीही उतरली होती.

यामागे दोन वेगळी घड्याळं आहेत. गाण्याची लय टीव्हीच्या चित्रांवर चालते, पण सुराची उंची प्रोसेसरच्या वेगावर ठरते. निन्टेंडोच्या मूळ यंत्रात तो वेग १.७९ मेगाहर्ट्झ, तर अधिकृत पाल यंत्रात १.६६. फरक सात टक्क्यांचा, म्हणजे पेटीवर एका पांढऱ्या पट्टीवरून शेजारच्या काळीवर उतरलात तरी तो पुरता भरून निघत नाही. पण तैवानच्या यूएमसी कंपनीने पाल देशांसाठी ज्या नकली चिपा बनवल्या, त्यांनी डोकं लढवलं होतं. चित्रं ५०, प्रोसेसर मात्र १.७७ मेगाहर्ट्झ, जवळजवळ जपानी यंत्राइतकाच. लय धीमी, पट्टी तीच. रशियात १९९२ पासून अशाच जातीचं 'डेंडी' नावाचं यंत्र तुफान विकलं गेलं, म्हणून मेसेनसारख्या चांगल्या एम्युलेटरमध्ये पाल आणि एनटीएससी (६० चित्रांची जपानी-अमेरिकी पद्धत) यांच्या जोडीला 'डेंडी' असा तिसरा पर्याय असतो. मी तो निवडला. दादा काही बोलला नाही, नुसता पुढे सरकून बसला. लहानपणच्या सुराची इतकी नेमकी आठवण राहते याचं मला अजून नवल वाटतं.

एम्युलेटर म्हणजे नक्की काय, हे इथे सांगायला हवं, कारण पुष्कळांना तो गेमचा प्लेअर वाटतो, गाण्यांचा असतो तसा. तसं नाही. एम्युलेटर जुन्या यंत्राचं सोंग घेतो. रॉम फाइल म्हणजे कॅसेटमधल्या चिपमध्ये काय होतं त्याची जशीच्या तशी नक्कल. मारिओची फाइल फक्त ४०,९७६ बाइट, आजच्या मोबाइलमधला एक फोटोसुद्धा तिच्यापुढे अवाढव्य. त्यातल्या सूचना रिको कंपनीच्या ६५०२ घराण्यातल्या प्रोसेसरसाठी आहेत. एम्युलेटर त्या एकेक वाचतो आणि तो प्रोसेसर, चित्रं काढणारी चिप, आवाजाची यंत्रणा आणि २ किलोबाइटची मेमरी या सगळ्यांची भूमिका एकटा करतो. एकपात्री प्रयोगच म्हणा. त्यात सगळ्यात अवघड गोष्ट आहे ती कुणाचं वाक्य कधी येतं हे सांभाळणं.

मारिओच्या वरच्या पट्टीत नाण्यांच्या आकड्याशेजारी एक इवलंसं नाणं लुकलुकतं. ते नीट बघा. जमीन, पाइप, ढग सगळं मागे सरकतं, पण ही पट्टी हलत नाही. त्या यंत्रात चित्राचा अर्धा भाग स्थिर आणि अर्धा सरकता ठेवायची सरळ सोय नव्हती. म्हणून गेम लिहिणाऱ्यांनी त्या नाण्याच्या खालच्या कडेमागे एक छोटी आकृती दडवली. टीव्हीची किरणशलाका चित्र काढत काढत तिथे पोचली की चित्राची चिप खूण करते आणि गेम म्हणतो, झाली पट्टी, आता खालचं सरकवा. प्रत्येक चित्रात हे घडतं. एका चित्रात २६२ ओळी, एका ओळीत ३४१ ठिपके, आणि प्रोसेसर एक पाऊल टाकतो तेवढ्यात चिप तीन ठिपके पुढे जाते. या खुणेची वाट बघताना गेम दुसरं काहीही करत नाही. एखाद्या एम्युलेटरने आळस करून अख्खं चित्र एकदम रंगवलं आणि खूण द्यायला विसरला, तर मारिओ जागच्या जागी गोठतो. फाइल ठीक, लॅपटॉप ठीक, फक्त एका नाण्याची वेळ चुकलेली असते.

वेळेचं हे गणित सुटलं की निम्म्या तक्रारींचा उगम कळतो. उरलेल्यांपैकी बऱ्याचशा फाइलच्या पाटीत असतात.

आमच्याकडे कॉन्ट्रा या गेमची एक फाइल आहे, वीसेक वर्षांपूर्वी कुणीतरी दिलेल्या सीडीतली. (ती सीडी कायद्यात बसणारी नव्हती. त्याबद्दल पुढे.) ही फाइल लॅपटॉपवर चालायची, पण भाच्याच्या हातातल्या स्वस्त गेम-यंत्रावर नुसता काळा पडदा. गेम नवा उतरवा, यंत्र रिसेट करा, सगळे उपाय झाले. शेवटी मी फाइल हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलमधले कच्चे आकडे दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, उघडली. अशा फाइलच्या सुरुवातीला १६ बाइटची पाटी असते: कॅसेटमध्ये किती मेमरी आहे, आत कुठल्या जातीचं सर्किट आहे वगैरे. हे सर्किट महत्त्वाचं. प्रोसेसरला कॅसेटमधला कार्यक्रम एका वेळी ३२ किलोबाइटच दिसतो, म्हणून कॉन्ट्रासारख्या मोठ्या गेमच्या कॅसेटमध्ये पानं उलटून देणारी वेगळी रचना असायची. तिला म्हणतात मॅपर, आणि प्रत्येक मॅपरला नंबर असतो. कॉन्ट्राचा नंबर २.

माझ्या फाइलच्या पाटीत, जिथे शेवटी शून्यं हवीत तिथे, ४४ ६९ ७३ अशी रांग होती. एडिटरच्या उजव्या बाजूला त्याची अक्षरं उमटली होती: 'डिस्कड्यूड!' जुन्या काळी फाइली हाताळणारा एक प्रोग्राम होता, त्याने देवळाच्या भिंतीवर नाव कोरावं तशी आपली सही पाटीच्या मोकळ्या जागेत ठोकून दिली. पुढे त्याच जागेत मॅपरच्या नंबराचा वरचा भाग लिहायचं ठरलं. सहीतलं पहिलं अक्षर तिथे वाचलं की नंबरात ६४ मिळवले जातात. कॉन्ट्राचे २ झाले ६६. आता ६६ नंबरचंही सर्किट खरोखर आहे, पण ते पानं वेगळ्या पद्धतीने उलटतं. त्यामुळे यंत्राने भलतंच पान वाचलं आणि गप्प बसलं. चांगले एम्युलेटर ही सही ओळखून पुसतात किंवा फाइलचा ठसा यादीशी ताडून पाहतात, स्वस्त यंत्र पाटीवर डोळे झाकून विश्वास ठेवतं. मी सहीची नऊ बाइट शून्य केली, फाइलची प्रत वेगळ्या नावाने ठेवली, आणि भाचा लगेच गोळ्या झाडू लागला.

'९९९९९९ इन १'च्या कॅसेटींचं दुखणंही याच घरातलं. तिथे यादी उघडते, गाणं वाजतं, गेम निवडला की कचरा दिसतो, कारण त्या नकली कॅसेटींची सर्किटं दर कारखान्यागणिक निराळी. यादीतले जवळजवळ दहा लाख गेम म्हणजे दहा-वीसच गेम पुन्हा पुन्हा, कुठे लेव्हल बदलून, हे तर आपण तेव्हाच ओळखलं होतं.

आता कायद्याचं. एम्युलेटर बनवणं किंवा वापरणं हा गुन्हा नाही. अमेरिकेत सोनी विरुद्ध कनेक्टिक्स खटल्यात २००० साली अपील कोर्टाने एम्युलेटर बनवणाऱ्यांच्या बाजूने कौल दिला होता. गेमची फाइल मात्र कॉपीराइटखाली येते, गेम कितीही जुना असला तरी. सरळ मार्गाने चव घ्यायची तर जुन्या यंत्रासाठी आज नव्याने लिहिलेले गेम विकत मिळतात. २०१९ चा 'मायक्रो मेजेस' घ्या. त्याच्या कर्त्यांनी मुद्दाम मारिओएवढ्याच ४० किलोबाइटांत चौघांनी मिळून खेळायचा गेम बसवला. प्लेस्टेशनकडे वळलात तर गेमशिवाय यंत्राची ५१२ किलोबाइटची बायोस फाइलही (यंत्र सुरू करणारा मूळ प्रोग्राम) लागते, आणि गेम सुरू होऊन संगीत गायब असेल तर आधी क्यू फाइल (गेमच्या सीडीवर काय कुठे आहे ते सांगणारी) शेजारी आहे का ते बघा.

आवाज मधूनच 'टक्' करतो, ही तक्रार मला सगळ्यात जास्त ऐकू येते, आणि तिच्यावर लोक नवा लॅपटॉप घेण्यापर्यंत जातात. खरं तर यात लॅपटॉपच्या ताकदीचा प्रश्न क्वचित असतो. मूळ जपानी-अमेरिकी यंत्र सेकंदाला नेमकी ६० नाही, ६०.०९८८ चित्रं काढायचं. आपला मॉनिटर ६०. एम्युलेटरने मॉनिटरशी पाऊल जुळवलं की तो किंचित हळू चालतो आणि आवाजही किंचित कमी तयार होतो. साउंड कार्ड सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने मागतं, त्यात साधारण ७९ कमी पडतात. शिल्लक साठा ६४ मिलिसेकंदांचा असेल तर तो चाळीसेक सेकंदांत संपतो आणि 'टक्'. टाकीत पाणी येतंय त्यापेक्षा नळाने थोडं जास्त जातंय, एवढंच. साठा वाढवला तर टक् लांबते, जात नाही. शिवाय उडी मारल्याचा आवाज उशिरा येतो. खरा उपाय रेट्रोआर्क या एम्युलेटर चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये आहे, तिथे 'डायनॅमिक ऑडिओ रेट कंट्रोल' चालू ठेवायचं. ते आवाज केसभर ताणून तूट भरून काढतं. तो ताण इतका बारीक असतो की दादाच्या कानालाही कळला नाही.

बदकांच्या गेमची बंदूक मात्र नव्या टीव्हीवर चालायची नाही, माळ्यावरून काढलीत तरी. बंदुकीतून काहीच सुटत नव्हतं, उलट ती बघत होती. घोडा ओढला की पडदा एका चित्रापुरता काळा व्हायचा, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन, आणि बंदुकीच्या नळीतल्या डोळ्याला तो त्याच क्षणी दिसला तर नेम बरोबर. नवा टीव्ही तेच चित्र काही चित्रं उशिरा दाखवतो, तोवर गेमने नेम चुकल्याचं ठरवलेलं असतं आणि कुत्रा हसत वर येतो. एम्युलेटरमध्ये दुसऱ्या पोर्टला 'झॅपर' निवडून माउसने खेळायचं.

या उशिराकडेच आमचंही घोडं पेंड खात होतं. डेंडी लावूनही दादा पडतच होता. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' सापडला. तो चालू केल्यावर चित्राला रंगरंगोटी करण्यात जाणारा वेळ वाचला. रेट्रोआर्कमधलं 'रन-अहेड' आणखी एखादं चित्र वाचवतं, पण इथे त्याची गरज पडली नाही. एक खोट राहिलीच. गेम ५० चित्रांचा, टीव्ही ६० चा, म्हणून दर पाच चित्रांतलं एक दोनदा दिसतं आणि जमीन सरकताना सेकंदाला दहा बारीक हिसके बसतात. लॅपटॉपच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ५० हर्ट्झ निवडल्यावर टीव्ही क्षणभर काळा झाला, मग चित्र आलं.

मारिओला उभं करून मी पुन्हा स्टॉपवॉच लावलं. १०० वर गाणं घाईला आलं, १९२ सेकंदांना वेळ संपली. दादाने गेमचा रिमोट हातात घेतला, खड्डा ओलांडला, पुढचाही ओलांडला, आणि जिन्याच्या टोकावरून झेंड्याच्या काठीवर उडी मारताना काठीच्या मधोमध आपटला. "बघ," तो म्हणाला, "इथेच आपटायचो मी."