दरीत विमान वळवायला जागा किती लागते?

महाराजपुऱ्याच्या हवाई तळावरून उठलेलं मिराज हे लढाऊ विमान ग्वाल्हेरवरून गर्जत जातं, तेव्हा त्याच्या वाटेत उंच म्हणावं असं किल्ल्याच्या टेकडीशिवाय फारसं काही नसतं, आणि तीही शंभरेक मीटरचीच. मैदानावर वैमानिक चुकला तरी सावरायला खाली आणि दोन्ही बाजूंना जागा असते. डोंगराळ मुलखात ती जागाच उरत नाही. सरावाच्या उड्डाणात असे अपघात घडतात, ज्यांत धडकेच्या क्षणापर्यंत विमानात काहीही बिघडलेलं नसतं. ताब्यात असलेलं विमान असं डोंगरावर किंवा जमिनीवर आदळलं की त्याला वैमानिकी भाषेत सीएफआयटी म्हणतात.

यात वळणाचं गणित सर्वांत निर्दय आहे. वळणाची त्रिज्या वेगाच्या वर्गानुसार वाढते. ताशी ५०० किमी वेगाने, ६० अंश कलून, उंची न घालवता वळायचं तर त्रिज्या सुमारे १,१४० मीटर येते. म्हणजे आल्या दिशेला परत तोंड करायला जवळपास २,३०० मीटर रुंद दरी हवी. वेग ३०० वर आणला तर ८०० मीटरच्या आसपास भागतं. मग वेग कमी का करत नाहीत? कारण ६० अंशांच्या वळणात पंखांवर दुप्पट भार येतो आणि स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमानाला तोलू शकत नाहीत तो वेग, १.४ पट होतो. सरळ उडताना ताशी २०० किमीला स्टॉल होणारं विमान इथे २८० लाच स्टॉल होतं. ३०० च्या वेगात मग हाताशी फक्त २० किमी उरतात.

त्यात उंचीची भर पडते. १२,००० फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास असते. वेगमापकाचा काटा ५०० दाखवत असला तरी विमान प्रत्यक्षात ६०० च्या घरात धावत असतं आणि तीच दरी आता ३.३ किमी रुंद लागते. काटा मात्र मैदानावर दिसायचा तोच आकडा दाखवतो, म्हणून वैमानिकाला हा फरक जाणवत नाही. इंजिनाचा जोरही विरळ हवेत घटलेला असतो. दरीचा तळ हळूहळू चढत गेला तर नजर त्या चढालाच सपाटी मानते, नाक नकळत वर जातं आणि वेग गळत राहतो.

म्हणूनच दरीच्या मधोमध उडू नये. मधून वळायला अर्धीच रुंदी मिळते. वारा ज्या उतारावर आदळून वर चढतो, त्या बाजूला चिकटून गेलं की खालून उचल मिळते आणि वळायला पूर्ण दरी मोकळी राहते. कड्याची धार ओलांडताना ४५ अंशांच्या तिरकस रेषेत जावं, म्हणजे पलीकडच्या खाली ओढणाऱ्या वाऱ्याने दाबलं तर थोडं वळूनच माघार घेता येते.

नेहमीचा उंचीमापक हवेचा दाब मोजतो, जमिनीपासूनचं अंतर नव्हे. दाबाची नोंद १० हेक्टोपास्कलने चुकली तर सुमारे २७० ते ३०० फुटांची चूक होते. हवा प्रमाणापेक्षा १० अंशांनी थंड असली तर खरी उंची काट्यापेक्षा सुमारे ४ टक्क्यांनी कमी भरते.

१५ मार्च २०१२ रोजी नॉर्वेच्या हवाई दलाचं सी-१३०जे हर्क्युलिस लष्करी सरावादरम्यान स्वीडनमधल्या केब्नेकाइसे पर्वतावर आदळलं आणि विमानातले पाचही जण गेले. नियंत्रकांनी दिलेल्या परवानगीनुसार विमान फ्लाइट लेव्हल ७० वर, म्हणजे प्रमाण दाबाने मोजलेल्या ७,००० फुटांवर उतरलं होतं. शिखर सुमारे ६,९०० फुटांचं. कागदावर शंभर फूट तरी शिल्लक दिसतात. प्रत्यक्ष धडक झाली सुमारे ६,६०० फुटांवर. रेडिओ लहरींनी थेट खालच्या जमिनीचं अंतर मोजणाऱ्या रेडिओ उंचीमापकाला समोरची उभी भिंत दिसत नाही, आणि धोक्याची सूचना देणाऱ्या यंत्रणेत ६० अंश उत्तरेपलीकडचा भूप्रदेश भरलेलाच नव्हता. केब्नेकाइसे ६८ अंशांच्या जवळ आहे.

२०१४ पासून अमेरिकी एफ-१६ विमानांत एक यंत्रणा बसवली जाते. जमिनीवर आदळणं अटळ दिसलं आणि वैमानिक हलला नाही, तर ती स्वतः विमान सरळ करून वर खेचते. २०१६ मध्ये अ‍ॅरिझोनात सरावादरम्यान जी-भाराने, म्हणजे जोरदार वळणात शरीरावर येणाऱ्या कित्येक पट भाराने, बेशुद्ध झालेला शिकाऊ वैमानिक तिच्यामुळे वाचला. तिचा सगळा हिशेब आधी साठवलेल्या भूप्रदेशाच्या माहितीवर चालतो, त्यामुळे उड्डाणाच्या पट्ट्याची उंचीची माहिती विमानात भरलेली आहे ना, हे सरावाच्या आधीच तपासावं लागतं.