थेट भेट की रेकॉर्डिंग: शाळाशाळांतल्या साहित्य-संवादामागचा जुना वाद

दूरच्या शाळेतल्या मुलांना आपल्या गावचे लेखक-कवी सांगायचे, ही कल्पना व्हिडिओच्या आधीची. 1920च्या दशकात फ्रान्सच्या दोन टोकांच्या गावांतले वर्ग स्वतः छापलेली पानं टपालाने एकमेकांना पाठवत होते.

1992मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठात इंटरनेटवरून समोरासमोर भेटण्याची प्रणाली तयार झाली आणि पुढच्याच वर्षी तिच्यावर शाळा जोडल्या गेल्या. चित्र करड्या छटांचं, बारीकसं; आवाज तर सुरुवातीला नव्हताच. कविता म्हणून दाखवायची सोयच नसल्यावर साहित्याचा विषय निघणार कसा? 2005-06नंतर फुकट व्हिडिओ-कॉल आले आणि 2020मध्ये शाळा बंद पडल्यावर तर ते रोजचेच झाले.

खरा वाद तेव्हापासून पेटलेला आहे: थेट बोलायचं की रेकॉर्डिंग पाठवायचं? रेकॉर्डिंगच्या बाजूने घड्याळ आहे. भारत आणि न्यू यॉर्क यांच्यात साडेनऊ-साडेदहा तासांचं अंतर, म्हणजे शाळेच्या वेळा जुळणं अशक्यच. पण रेकॉर्डिंग जपलं जातं, पुढे फिरतं, आणि तिथे कॉपीराइट आडवा येतो. लेखकाच्या मृत्यूनंतर भारतात 60 वर्षं, युरोपीय संघात 70. 1960मध्ये वारलेल्या जर्मन कवीची कविता भारतात 2021पासून खुली झाली. जर्मनीत ती 2030 संपेपर्यंत खुली होत नाही. अशा वेळी शिक्षक सावध होतात आणि शंभर वर्षांपूर्वीचा, कुणाची हरकत नसलेला कवी निवडतात. गावात आज लिहिणारी माणसं वगळली जातात, आणि स्थानिक साहित्याचा इतिहास जयंती-पुण्यतिथीच्या भाषणासारखा होऊन बसतो. हे नुकसान फार मोठं आहे.

थेट भेटीत उलट होतं. मूल पाठ केलेली माहिती सांगत असतं, तेवढ्यात पलीकडून प्रश्न येतो: ‘त्या कवीच्या घरात आता कोण राहतं?’ उत्तर कुणालाच माहीत नसतं. मग मुलं घरच्या म्हाताऱ्यांना विचारतात, ग्रंथालयातली जुनी स्मरणिका काढतात. असा शोध तयार फितीतून क्वचितच सुरू होतो.

अलीकडे बरेच शिक्षक मधला मार्ग काढतात: ओळखीची फीत आधी पाठवायची आणि प्रश्नोत्तरं थेट, एका शाळेने त्या दिवशी लवकर येऊन किंवा उशिरापर्यंत थांबून. मुलांचे चेहरे फितीत घ्यायचे तर पालकांची परवानगी लागतेच. तेवढ्यासाठी काही ठिकाणी फितीत फक्त आवाज, हस्तलिखितं आणि जागांची छायाचित्रं ठेवतात.