दख्खनच्या राणीचा कणा आणि बरगड्या

घरातली प्लास्टिकची फूटपट्टी घ्या. तिची दोन टोकं वह्यांच्या दोन थप्प्यांवर टेकवा आणि मधोमध बोटाने दाबा. पट्टी लगेच वाकते. आता तीच पट्टी कडेवर उभी धरून दाबून बघा. बोट दुखेल, पण पट्टी हलणार नाही. प्लास्टिक तेवढंच आणि लांबीही तेवढीच, बदलली ती फक्त उंची.

रेल्वेचा डबा म्हणजे अशीच दोन ठिकाणी टेकलेली पट्टी. आपण बोलताना अख्ख्या डब्यालाच बोगी म्हणतो, पण वर्कशॉपमध्ये बोगी म्हणजे डब्याखालचा चार चाकांचा गाडा. प्रत्येक डब्याला असे दोन गाडे, दोन टोकांना. मधला सगळा भाग अधांतरी असतो. थोडक्यात, डबा हा धावणारा पूल आहे, आणि पुलाबद्दल विचारायचा पहिला प्रश्न इथेही विचारावा लागतो: वजन नक्की कोण पेलतं?

या प्रश्नाचं उत्तर कसं बदलत गेलं हे बघायला डेक्कन क्वीनसारखी दुसरी गाडी नाही. आपल्या दख्खनच्या राणीने आजवर तीन वेगवेगळी अंगं ल्यायली आहेत.

पहिलं अंग १ जून १९३० चं. जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने मुंबई आणि पुण्यादरम्यान ही गाडी सुरू केली तेव्हा सात-सात डब्यांचे दोन रेक, म्हणजे जोडलेल्या डब्यांचे दोन संच होते. एक रुपेरी, त्यावर लाल पट्ट्या. दुसरा गडद निळा, त्यावर सोनेरी रेषा. या डब्यांचे खालचे पोलादी सांगाडे, म्हणजे अंडरफ्रेम, इंग्लंडमध्ये तयार झाले आणि त्यांच्यावरचे डबे आपल्या माटुंगा वर्कशॉपमध्ये बांधले गेले. दोन देशांत विभागलेलं हे काम आज विचित्र वाटतं, पण त्या काळच्या डब्याच्या रचनेत ते अगदी सहज बसत होतं, कारण अंडरफ्रेम आणि वरचा डबा या मुळातच दोन स्वतंत्र वस्तू होत्या. खाली पोलादाचा कणा, वर बांधलेली खोली.

त्या काळी अशी खोली लाकडाची असे, आणि लाकडांत पहिला मान सागवानाचा. सागाच्या अंगात तेल असतं, वाळवी त्याच्या वाटेला जात नाही, आणि पावसाळ्यात फुगून उन्हाळ्यात आकसण्याचं प्रमाणही कमी. कोकणातला पाऊस आणि देशावरचं ऊन एकाच दिवसात सोसणाऱ्या गाडीला आणखी काय हवं? खांब, आडव्या पट्ट्या, छताच्या कमानी, सगळं कूस आणि खाच घालून जोडायचं. हे काम चांगल्या सुताराचं. एखादी फळी खराब झाली तर तेवढीच काढून नवी बसवता येई.

पण वजन पेलायच्या बाबतीत ही सुंदर खोली निव्वळ ओझं होती. प्रवासी, बाकं, भिंती, छत, सगळ्यांचा भार शेवटी त्या खालच्या कण्यावर. आणि कणा कसा? लांबीला वीस मीटरच्या घरातला, पण उंचीला जेमतेम हातभर. म्हणजे आपली आडवी ठेवलेली पट्टीच. ती वाकू नये म्हणून पोलाद जाड वापरायचं, त्यामुळे वजन वाढायचं, आणि वाढलेलं वजन ओढायला इंजिन दमायचं. त्या काळच्या अनेक डब्यांच्या पोटाखाली ताणून बांधलेल्या लोखंडी सळया दिसतात त्या यासाठीच. कण्याला खालून आधार देऊन त्याची उंची वाढवायचा तो एक उपाय होता. डब्याच्या भिंती मात्र दोन-अडीच मीटर उंच, अगदी कडेवर उभ्या धरलेल्या पट्टीसारख्या, आणि नेमकं त्यांनाच काही काम दिलेलं नव्हतं.

याहून गंभीर दोष टक्कर झाली की उघडा पडे. दोन डबे जोराने एकमेकांवर आदळले की एकाचा सांगाडा उसळून दुसऱ्याच्या सांगाड्यावर चढतो. आता त्याच्यासमोर पोलाद नसतंच, असतात लाकडी भिंती. मग तो पोलादी कणा समोरच्या डब्यात सरळ आत घुसत जातो, दुर्बिणीची एक नळी दुसरीत सरकावी तसा. इंग्रजीत दुर्बिणीवरूनच या प्रकाराला टेलिस्कोपिंग म्हणतात. जगभरातल्या जुन्या रेल्वे अपघातांतले किती तरी बळी या एका कारणाने गेलेले आहेत. नुसता कणा मजबूत करून हे टळत नाही. उलट कणा जितका दणकट, तितका तो दुसऱ्या डब्यासाठी घातक.

राणीचं दुसरं अंग १९६६ साली आलं, मद्रासमधल्या पेरांबूरमधून. तिथला इंटिग्रल कोच फॅक्टरी हा कारखाना २ ऑक्टोबर १९५५ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते सुरू झाला होता. डब्याचं डिझाइन स्वित्झर्लंडमधल्या झुरिकजवळच्या श्लीरेन इथल्या कंपनीचं. कारखान्याच्या नावातला 'इंटिग्रल' हा शब्द नुसता शोभेचा नाही. या डब्यात अंडरफ्रेम, भिंती आणि छत वेल्डिंगने जोडून एकसंध नळी केलेली असते, आणि भार सगळी नळी मिळून वाटून घेते.

हे हाताने अनुभवायचं तर काडेपेटी घ्या. आतला खण बाहेर काढून पिळून बघा, सहज पिळला जातो. तो कवचात सरकवा आणि पुन्हा पिळा. दोन्ही कागदाचेच, पण बंद नळी झाल्यावर त्यांची ताकद कितीतरी वाढते. पेरांबूरच्या डब्याचा पत्रा दोन मिलिमीटरच्या आसपासचा, आतून उभ्या-आडव्या बरगड्या दिलेल्या, आणि फरशीखालचा पत्रा नालीदार, कारण सपाट पत्र्यापेक्षा घड्या पाडलेला पत्रा दाबाखाली सहज दुमडत नाही. उंच भिंती आता पुलाच्या तुळईचं काम करू लागल्या. भार आल्यावर छताकडचा भाग दाबला जातो, खालचा ताणला जातो आणि मधला पत्रा दोघांना धरून ठेवतो. या तुळईत अडचण एकच, खिडक्या. प्रत्येक खिडकी म्हणजे तुळईला पाडलेलं भोक, आणि अशा भोकाच्या टोकदार कोपऱ्यात ताण एकवटून तडा जाऊ शकतो. त्यामुळे डब्याच्या खिडक्या किती मोठ्या करायच्या हा निर्णय नुसता देखाव्याचा उरत नाही.

टक्करीचा विचार डब्याच्या दोन्ही टोकांना केलेला होता. इथे एक पेच होता. डेक्कन क्वीनमध्ये एका डब्यातून दुसऱ्यात चालत जाता येतं, डायनिंग कारमध्ये जाऊन ऑम्लेट आणि चहा घेता येतो. या सोयीसाठी दोन डब्यांच्या मधे आच्छादित वाट लागते, म्हणजे जिथे भिंत सगळ्यांत भक्कम हवी तिथेच मधोमध दार कापायचं. त्यावरचा तोडगा म्हणजे दाराच्या दोन्ही बाजूंना जाड पोलादी खांब, खाली अंडरफ्रेममध्ये आणि वर छतात घट्ट रोवलेले. चढून येणारा दुसरा डबा त्यांच्यावर अडतो. शिवाय दारं आणि संडास टोकाला असल्यामुळे चेपायचं झालं तर आधी ती जागा चेपते, आणि तिथे बहुतेक वेळा कोणी बसलेलं नसतं. जीव वाचवणारा इतका साधा विचार पत्र्यात उतरलेला बघितला की मला त्या ड्राफ्टस्मन मंडळींबद्दल फार आदर वाटतो.

या डब्यांच्या बोग्याही नव्या होत्या. जुन्या पद्धतीचा डबा पुढच्या स्टेशनात उभा दिसला तर चाकांजवळ वाकून बघा. आसाच्या पेटीच्या दोन्ही बाजूंना उभ्या गुंडाळी स्प्रिंगा दिसतील. प्रत्येकीच्या पोटात तेल भरलेली एक नळी असते. नुसती स्प्रिंग दाबून सोडली तर ती बराच वेळ नाचत राहते. तेलाला बारीक भोकांतून वाट काढावी लागते आणि त्यात ते नाचणं जिरून जातं. आसाची बेअरिंग हाही राणीचा मान. रेल्वेच्या नोंदीनुसार रोलर बेअरिंगचे, म्हणजे ज्यांत आस छोट्या दंडगोलांवर फिरतो असे डबे भारतात पहिल्यांदा याच गाडीला मिळाले. त्याआधीच्या साध्या बेअरिंगमध्ये आस तेलाच्या पातळ थरावर घासत फिरे. तेल कमी पडलं की तापे आणि जळका वास सुटे.

तिसरं अंग जून २०२२ मधलं, एलएचबी डब्यांचं. मूळ डिझाइन जर्मनीतल्या लिंके-हॉफमान-बुश कंपनीचं. नळीचं तत्त्व तेच, पण डबा आधीच्यापेक्षा जवळपास दोन मीटरने जास्त लांब, पत्रा स्टेनलेस स्टीलचा, ब्रेक चाकाच्या कडेवर न घासता आसावरच्या तबकड्यांना पकडणारे. डायनिंग कार याही रेकमध्ये ठेवली, याचा पुणेकरांइतकाच मुंबईकरांना आनंद झाला.

मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो बदल दोन डब्यांच्या मधे आहे. कर्जत ते लोणावळा २८ किलोमीटर, आणि बोरघाटातला चढ ३७ मीटरला एक मीटर. म्हणून कर्जतला मागून बँकर इंजिनं लागतात आणि गाडीला ढकलत वर नेतात. ढकलण्याचा हा रेटा पूर्वी डब्याच्या दोन कोपऱ्यांवरच्या गोल बफरांमधून, म्हणजे धक्का झेलणाऱ्या तबकड्यांमधून पुढे जाई, आणि ओढ मात्र मधल्या स्क्रू कपलिंगमधून, म्हणजे आटे फिरवून आवळायच्या जोडणीतून. रेटा एका वाटेने, ओढ दुसऱ्या. एलएचबी डब्यात दोन्ही कामं मधला एकच कपलर करतो. त्याची पकड इतकी घट्ट असते की अपघातात एक डबा दुसऱ्यावर सहजी चढू शकत नाही. कर्जतला गाडी थांबली की फलाटाच्या कडेपासून जरा मागे राहून दोन डब्यांच्या फटीत डोकावा. ग्रीस माखलेल्या त्या गोल तबकड्या आता तिथे नाहीत. बँकर लागतो, हलकासा हिसका बसतो, आणि मागचा रेटा डब्याच्या बरोबर मध्यरेषेतून पुढच्या डब्यात जातो.