डिसकॅल्क्युलियाचे प्रमाणपत्र: दहावीची वाट पाहू नका

दहावीचा फॉर्म भरायची वेळ आली की अनेक पालकांना डिसकॅल्क्युलियाच्या, म्हणजे गणिताच्या अध्ययन अक्षमतेच्या, सवलती आठवतात, आणि मग सरकारी रुग्णालयाची तारीख काही मिळत नाही. खरे तर प्रमाणपत्रासाठीची तपासणी वयाच्या आठव्या वर्षी, म्हणजे साधारण तिसरीत करून घेता येते.

सत्तेचाळीस ऐकून 74 लिहिणे ही पहिली-दुसरीतली नेहमीची चूक. उच्चारात सात आधी येतो ना! (2019 मध्ये बालभारतीच्या पुस्तकातल्या 'एकवीस'ऐवजी 'वीस एक'वरून केवढे रणकंदन झाले होते.) तेवढ्यावरून घाबरू नका. पण चौथीतही आठ अधिक पाचसाठी बोटे लागतात, 52 मधून 17 वजा करताना दशक सुटा करण्याऐवजी मोठ्या अंकातून लहान अंक काढून 45 उत्तर येते, घड्याळ कळत नाही, वाण्याकडून सुटे किती परत यायचे ते सांगता येत नाही, आणि तेच मूल गोष्टीचे पुस्तक मात्र घडाघडा वाचते, तर तपासणी हवीच. 'लक्ष देत नाही' म्हणून शिकवणी बदलण्यात वर्षे जातात.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मधल्या 21 प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. वाचनाची डिस्लेक्सिया, लेखनाची डिसग्राफिया आणि गणिताची डिसकॅल्क्युलिया तिच्यातच येतात. एकाच मुलात दोन असणेही नवीन नाही.

अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर, म्हणजे यूडीआयडी या दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या संकेतस्थळावर करायचा. मुलाचे आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि सही किंवा अंगठा अपलोड करून रुग्णालय निवडायचे. आधारवरचे नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचे नाव जुळते का, ते आधी पाहा. तपासणीला जाताना मुख्याध्यापकांचे सही-शिक्क्याचे पत्र, मागची प्रगतिपुस्तके, आधीचे काही अहवाल असतील तर ते, आणि गणिताच्या वह्या न्या. वह्या मुद्दाम सांगतोय. 'गणितात कच्चा' या शेऱ्यापेक्षा खाडाखोड केलेले पान डॉक्टरांना जास्त सांगते, तेव्हा घरी नीट उतरवून काढलेली वही नेऊ नका.

आधी डोळे आणि कान तपासतात, मग बुद्ध्यांक. तो साधारण किंवा त्याहून वर असूनही गणितात मूल इयत्तेच्या बरेच मागे असेल, तर निदान होते. वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या मानसशास्त्रज्ञ किंवा विशेष शिक्षक घेतात. हे एका दिवसात उरकत नाही. खासगी अहवाल मुलाला समजून घ्यायला कामाचा, पण बोर्डाला सरकारी प्रमाणपत्रच लागते.

हे प्रमाणपत्र कायमचे नसते. 14 व्या आणि 18 व्या वर्षी फेरतपासणी होते. अठराव्या वर्षीचे आयुष्यभर चालते. उच्च शिक्षणातल्या 5 टक्के आणि सरकारी नोकरीतल्या 4 टक्के दिव्यांग आरक्षणासाठी किमान 40 टक्के अक्षमता लागते. लेखनिकाचे, म्हणजे मुलाच्या वतीने पेपर लिहिणाऱ्याचे, मात्र तसे नाही: 'विकास कुमार विरुद्ध यूपीएससी' या 2021 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती सोय 40 टक्क्यांच्या अटीला बांधता येणार नाही असे सांगितले.

डिसकॅल्क्युलियात लेखनिकापेक्षा जास्तीचा वेळ आणि साधा कॅल्क्युलेटर यांचाच खरा उपयोग. मोबाइल किंवा सायंटिफिक कॅल्क्युलेटर चालत नाही. राज्य मंडळाच्या दहावीत बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेच्या स्तराचे अंकगणित आणि कार्यानुभवाचा विषय घेण्याचा पर्यायही आहे. तो मोहात पाडतो, पण पुढे विज्ञानाकडे जायचे मनात असेल तर मुलाशी बोलल्याशिवाय घेऊ नका. कॅल्क्युलेटरवर निभावत असेल तर नेहमीचे गणित ठेवलेले बरे.

सवलती आपोआप लागू होत नाहीत. प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. त्यामुळे प्रमाणपत्राची प्रत जोडून नववीतच मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.