चलनावर ‘केस हार्डनिंग’ लिहिण्याआधी

आमच्या हीट ट्रीटमेंटच्या शॉपमध्ये जॉबसोबत येणाऱ्या चलनांवर (मालाच्या कागदावर) पुष्कळदा एवढंच लिहिलेलं असतं : ‘केस हार्डनिंग करून देणे’. मग आम्ही फोन करायचा, तुमच्या माणसाने मालकांना विचारायचं, आणि तोवर जॉब दोन दिवस पडून. म्हणून हे पत्रक.

‘केस’ म्हणजे इथे कवच. लोहार विळ्याला पाणी पाजतो, तेव्हा त्या पोलादात कार्बन आधीच असतो. तापवून बुडवलं की धार कडक होते. केस हार्डनिंगचं पोलाद मुद्दामच कमी कार्बनचं घेतात, साधारण ०.१५ ते ०.२० टक्के. ते नुसतं तापवून विझवलं तर फारसं कडक होत नाही. म्हणून ९०० ते ९३० अंश सेल्सिअसला, कार्बन पुरवणाऱ्या वातावरणात, ते तासन्‌तास ठेवतात. कार्बन वरून आत मुरतो. मग तेलात क्वेंचिंग, म्हणजे बुडवून झटकन विझवणं, आणि १५० ते २०० अंशांना टेम्परिंग, म्हणजे ठिसूळपणा कमी करायला पुन्हा हलकं तापवणं. वरचा थर ५८ ते ६२ एचआरसी (रॉकवेल, कडकपणाचं माप) होतो, कानस नुसती घसरते. गाभा मात्र चिवट राहतो. गिअरच्या दाताला दोन्ही हवं असतं.

ईएन ३५३, २० एमएनसीआर ५ ही पोलादं या कामासाठीच असतात. ईएन ८ चा शाफ्ट ‘केस’ला पाठवू नका. त्यात कार्बन ०.४ टक्क्यांच्या आसपास असल्यामुळे गाभाही कडक होऊन शाफ्ट ठिसूळ होण्याची भीती असते. तिथे इंडक्शन हार्डनिंग बरं, म्हणजे कार्बन न मुरवता विजेच्या कॉइलने फक्त वरचा भाग तापवून विझवणं. बोलताना दोन्हीला ‘हार्डनिंग’च म्हणतात, घोटाळा तिथेच होतो.

सगळ्यात जास्त वाद केस डेप्थवरून, म्हणजे कडक कवचाच्या खोलीवरून. ड्रॉइंगवर ०.८ मिमी लिहिलंय, पण ते ग्राइंडिंगच्या आधी की नंतर? व्यासावर ०.५ मिमी ग्राइंडिंग केलंत तर एका बाजूने ०.२५ गेलं, हातात उरलं ०.५५. मग जॉब लवकर झिजला की बोल आम्हाला! ‘मग जास्तच द्या ना’ असंही होत नाही. डेप्थ दुप्पट हवी तर भट्टीत वेळ जवळपास चौपट लागतो. शिवाय दात बारीक असेल तर गाभाच उरत नाही, आणि दात तुटतो.

आटे सॉफ्ट ठेवायचे असतील तर आधी सांगा. त्यांना पेस्ट लावून कार्बन अडवता येतो. नंतर उपाय महागात पडतो. बोअरचं (भोकाचं) माप भट्टीत थोडंफार हलणारच, तेव्हा ग्राइंडिंगला माल ठेवून पाठवा.

चलनावर असं लिहा : ‘ईएन ३५३, इफेक्टिव्ह केस डेप्थ ०.८ ते १.० मिमी (ग्राइंडिंगनंतर), ५८–६२ एचआरसी, आटे सॉफ्ट.’ ‘इफेक्टिव्ह’ म्हणजे पृष्ठभागापासून ५५० एचव्ही (विकर्स, कडकपणाचं दुसरं माप) कडकपणा मिळतो तिथपर्यंतची खोली.

आणि त्याच बारचा एक तुकडा जॉबसोबत द्या. डेप्थ मोजायला काहीतरी कापावंच लागतं. तुकडा नसेल तर तुमचाच एक जॉब कापावा लागेल.