पोटगी आणि एकल मातांची कुटुंबे

नवऱ्याने टाकलेल्या, विभक्त किंवा घटस्फोटित स्त्रीकडे राहणाऱ्या मुलांच्या खर्चासाठी बापाने दरमहा द्यायची, न्यायालयाने ठरवलेली रक्कम म्हणजे मुलांची पोटगी. भारतात तिचा मुख्य आधार फौजदारी प्रक्रिया संहितेचे (१९७३) कलम १२५ हा होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ लागू आहे. त्यात औरस-अनौरस भेद नाही. मुलाचा हक्क स्वतंत्र आहे, त्यामुळे आईची पोटगी नाकारली गेली तरी त्याची बुडत नाही. मूळ कलमातली दरमहा ५०० रुपयांची कमाल मर्यादा २००१ मध्ये काढून टाकण्यात आली.

या कुटुंबांच्या गरिबीचा संबंध रकमेइतकाच, किंबहुना जास्तच, वसुलीशी आहे. बाप पगारदार असेल तर पगार जप्त करवता येतो. रिक्षा, टपरी किंवा शेतीवाल्याचे उत्पन्न कागदावर दिसत नाही आणि सातबारा बहुधा आजोबांच्या नावावर असतो. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून सुरू झालेल्या रजनेश विरुद्ध नेहा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी दोन्ही पक्षांना मिळकत-कर्जाचे प्रतिज्ञापत्र सक्तीचे केले आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असे ठरवले.

तरीही हुकूम हाती आला म्हणजे पैसे आले असे नाही. हप्ते थकले की आईनेच वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करायचा. वॉरंट निघते आणि ‘इसम मिळून आला नाही’ असा शेरा घेऊन परत येते. प्रत्येक तारखेला तिचा रोज बुडतो, वर एसटीचे भाडे. थकबाकीदाराला महिन्याभरापर्यंत कैद होऊ शकते. त्याने देणे फिटत नाही, पण आत बसलेला माणूस कमावतही नाही.

जर्मनी, स्वीडनमध्ये बापाने थकवल्यास सरकार मुलाला ठरावीक रक्कम देते आणि जमेल तेव्हा बापाकडून वसूल करते. भारतात तशी यंत्रणा नाही. महाराष्ट्रात तिची उणीव काही प्रमाणात संजय गांधी निराधार अनुदान योजना भरून काढते. परित्यक्ता आणि पोटगी न मिळालेल्या घटस्फोटिता तिच्यात येतात. मात्र कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची २१,००० रुपयांची अट, म्हणजे महिन्याला १,७५०, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईलाही बाहेर ठेवते. एक पालक असलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजनाही आहे.